खजुरी केंद्र, निरीक्षक एस. एल.

लातूरच्या एका शाळेत मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही पाच शिक्षकांनी मिळून भारतीय भौतिकशास्त्रज्ञांच्या छोट्या चरित्रांची माला काढायला घेतली. सहावी-सातवीच्या मुलांनी एका बैठकीत वाचावी, एवढीच एकेक पुस्तिका. ज्यांची नावं पाठ्यपुस्तकांत येतात त्यांच्यावर लिहिणं सोपं गेलं. ग्रंथालयात बसायचं, चार पुस्तकं उघडायची आणि पाचवं लिहायचं. माझ्या वाट्याला शेवटी राहिले डॉ. रेवणसिद्ध लवटे, आणि त्यांच्यापायी मला ऐन मार्चमध्ये बिदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरची गावं पालथी घालावी लागली.

लवटे गारांचे शास्त्रज्ञ, आता हयात नसलेले. ढगात गार कशी तयार होते, तिच्यात थर का पडतात, ती एका शिवारावर कोसळते तेव्हा शेजारचं शिवार कोरडं का राहतं, यावर त्यांनी आयुष्य घातलं. परदेशातल्या परिषदांमध्ये त्यांचं नाव आदरानं घेतलं जाई. हुलसूरजवळच्या मेंढपाळ कुटुंबातला मुलगा तिथवर पोचला, हीच गोष्ट मुलांना सांगण्यासारखी होती. त्यांच्या लहानपणचा एक प्रसंग तर सगळीकडे छापलेला होता, त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलेला. अकरा वर्षांचे असताना ते माळावर एकटेच मेंढरं राखत होते. गारपीट झाली. थांबल्यावर त्यांनी एक मोठी गार उचलली, सुरीनं कापली, तर आत कांद्यासारखे थर. तिथून त्यांना प्रश्न पडायला लागले.

या गोष्टीवर पुस्तिका उभी करून मी मोकळी झाले असते. पण त्यांचे निबंध चाळताना दोन गोष्टी मला टोचत राहिल्या. तक्त्यांखाली बारीक अक्षरात वर्षानुवर्षं एकच ओळ होती: 'खजुरी केंद्र, निरीक्षक एस. एल.' खजुरी हे आळंद तालुक्यातलं गाव, पण हवामान केंद्रांच्या कुठल्याही यादीत ते मला सापडलं नाही. दुसरं म्हणजे या केंद्रावर गारांची मापं तीनच होती, आणि त्यांचे व्यास असे काही आडनिडे की प्रयोगशाळेतल्या कुठल्याच चाळणीशी जुळेनात. तीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासलेल्या बाईला असलं माप स्वस्थ बसू देत नाही.

"सुरीची गोष्ट पुरेशी आहे हो," आमचे संपादक देशमुख सर म्हणाले. "केंद्र शोधून मुलांना काय सांगणार?"

"ते सापडल्यावर सांगते," मी म्हटलं आणि पिशवी भरली.

हुलसूर

निलंग्याच्या पुढं बस कर्नाटकात कधी शिरली ते दुकानांच्या पाट्यांवरून कळलं. रान तेच, काळी माती तीच, तुरीच्या तुऱ्हाट्यांचे ढीगही तसेच. फक्त अक्षरं गोल झाली. माणसांची बोली मात्र माझ्या कानाला इतकी घरची वाटली, की वर्गात ज्या 'करायलोय', 'जायलोय'वर मी लाल रेघा मारल्या त्या सगळ्या आठवून जरा ओशाळायला झालं.

लवट्यांचे धाकटे भाऊ सिद्दप्पा हुलसुरात राहतात हे मला आधीच कळलं होतं. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. मुलाचं खताचं दुकान आहे, थोडी शेती आहे. मी गेले तेव्हा ते ओट्यावर बसून सुतळी वळत होते. सून महादेवीनं पाणी दिलं, चहा टाकला. पाचच मिनिटांत समोर सुसला आला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी. आमच्याकडे याला सुशीला म्हणतात आणि वरून कोथिंबीर घालतात, इथं भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट होता. मी म्हणेन, कूट बरा.

"अण्णा, मी लातूरहून आले. तुमच्या भावांबद्दल मुलांसाठी पुस्तक लिहितेय," मी सांगितलं.

सुतळी थांबली. "कोणता भाऊ?"

"डॉक्टर रेवणसिद्ध."

"त्या नावाचं हितं कोण न्हाई."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. ते उठून उभे राहिले. उंच माणूस, अजून ताठ.

"बाई, चाळीस मेंढरं मारली त्यानं. एका दुपारी. बा न्हाई म्हणलेला असताना कळप उघड्या माळावर नेला. आमचं घर बसलं. मी सा वर्सांचा होतो. म्होरल्या साली लोकाची गुरं राखायला लागलो आन् लगीन होईस्तवर तेच केलो. त्याला मामानं नेऊन शाळेत घातलं. त्याचं पुस्तक झालं. माझं काय झालं ते बी लिवणार हाव का?"

ते आत निघून गेले. खजुरीचं नाव काढायला मला सवडच मिळाली नाही. अर्धा सुसला तसाच ठेवून उठावं की संपवावं, या पेचात मी बसून राहिले, शेवटी संपवला. निघताना महादेवी फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मामंजीचा राग नका धरू. घरात ते नावच घ्यायची सोय न्हाई. मन्नाएखेळ्ळीला जावा तुम्ही, मामाच्या गावाला. त्यांच्या शाळेतला एक दोस्त हाय अजून. गफूर टेलर म्हणा, कोण बी दावतंय."

मन्नाएखेळ्ळी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भालकीला पोचले. भालकीला मला जायचंच नव्हतं. बसवरची पाटी वाचता येत नसताना वाहकाच्या मान हलवण्यावर विसंबले, त्याचं हे फळ. शेजारी कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेली बाई एवढी हसली, की उतरताना तिनं मला एक जुडी फुकट दिली. ती जुडी घेऊन मी उलट्या दिशेनं हुमनाबाद आणि तिथून मन्नाएखेळ्ळी केली. मोठा रस्ता गावाला चिकटून जातो. सोलापूर-हैदराबादचे मालट्रक थांबतात आणि त्यांच्या ड्रायव्हरांसाठी दिवसभर मिरचीभजी तळली जातात. लांब, फिकट हिरव्या मिरच्या, पोटात चिंच आणि ओवा. दोन खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत टेलरचं दुकान शोधलं.

गफूर साहेब आता शिवत नाहीत, नातू शिवतो. ते यंत्राशेजारी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतात. रेवणसिद्धांचं नाव घेताच त्यांनी नातवाला यंत्र बंद करायला लावलं.

"हौ मॅडम, रेवण और मैं एकीच बेंच पे बैठते थे. वो सबसे बडा और सबसे नीचे की जमात में. मेंढरं राखके आयेला पोरगा, उसको अलिफ बी नै आता था और कन्नड बी नै. दो साल में हमकूच सिखाने लगा."

दख्खनी आणि मराठी यांची सरमिसळ करत ते तासभर बोलले. शाळा तेव्हा उर्दू होती, त्यामुळे रेवण आकडे कायम उर्दूत मोजायचा; मोठा शास्त्रज्ञ झाल्यावर इथं आला तेव्हाही उर्दूतच. पावसाळ्यात शाळेच्या पत्र्याखाली कान लावून उभा राहायचा आणि थेंब मोठे झाले की लहान हे नुसत्या आवाजावरून सांगायचा. मी भराभरा लिहून घेत होते. मग मी सुरीची गोष्ट काढली. माळावर एकटाच होता, गार कापली वगैरे.

गफूर साहेब खुर्चीत पुढं झुकले. "एकटा होता, असं त्यानं सांगितलं?"

"मुलाखतीत छापलंय."

"मेरे वालिद बी टेलर थे," ते म्हणाले. "रेवण मामूके घर आया तो उसके अंग पे एक घोंगडी थी. फटेली. उन्नेच मेरे वालिद के पास लाया, सिवने. मैंने देखा, अंदर की बाजू में खून लगेला था. सूखा. मैं पूछा, किसका? बोला, मेंढरू का." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेंढरू घोंगडी के अंदर कायकू आयेगा मॅडम? और खून वरच्या कोपऱ्यात होता, जिथं माणूस डोकं घेतो तिथं. रेवण के सर पे खरोंच बी नै थी."

"मग कोणाचं होतं?"

"मैं फिर कब्बी नै पूछा. दोस्त ने एक बार झूट बोला तो उसका कुछ सबब रैता."

नातवानं यंत्र पुन्हा सुरू केलं. मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. भावाच्या मते त्यानं हट्टानं कळप नेला होता. दोस्ताच्या मते तो एकटा नव्हता. एका घोंगडीखाली दोघं होते तर दुसरं कोण?

खजुरी

रात्रीपुरती कलबुर्गीत थांबून सकाळी आळंदमार्गे खजुरी गाठली. यावेळी बसमध्ये चढण्याआधी तीन जणांना विचारून घेतलं. कलबुर्गीकडची तूर निघून गेली होती, रानं मोकळी होती, आणि आभाळ इतकं स्वच्छ की गारांचा विषय काढणंही वेड्यासारखं वाटावं.

स्टँडजवळच्या हॉटेलात मी विचारलं, "इथं हवामान केंद्र कुठं आहे?"

हॉटेलवाल्यानं ग्रामपंचायतीकडे बोट केलं. ग्रामपंचायतीतल्या माणसानं पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवलं. दवाखान्यातला माणूस हसला. "असलं केंद्र न्हाई हितं. पाऊस मोजायचं भांडं व्हतं, ते बी चोरीला गेलं."

"गारा मोजायचं केंद्र. एस. एल. नावाचे निरीक्षक होते."

"गारा?" त्याचा चेहरा बदलला. "मग गारंवाल्या आक्काकडं जावा की! पर ती एस. एल. न्हाई. सुबाक्का."

दगडी भिंतींचं, माळवदाचं घर होतं. सपाट मातीच्या छपरावर जायला बाहेरून दगडी पायऱ्या. अंगणात एक म्हातारी तुरीचा भुसा पाखडत होती. ऐंशी कधीच ओलांडलेली, बारीक, हिरव्या इरकली लुगड्यातली. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"रेवण्याच्या हापिसातली हैस का गं? पाट्या न्यायला आलीस व्हय?"

मी काही बोलायच्या आत ती मला हाताला धरून आत घेऊन गेली. कोपऱ्यात जुन्या लुगड्यानं झाकलेली एक रास होती. तिनं लुगडं काढलं. थर्माकोलच्या चौकोनी पाट्या, चंदेरी कागदानं मढवलेल्या, प्रत्येकीवर माळवदावर आदळलेल्या गारांचे खड्डे. काही वाटाण्याएवढे, काही लिंबाएवढे. प्रत्येकीला चिंधीनं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर शाळामास्तरांच्या अक्षरात तारीख.

"तो गेल्यापासून कोणच आलं न्हाई. पाठवू कुणाला? म्हणून ठिवले."

मी खाली बसले. केंद्र मला सापडलं होतं. त्याला इमारत नव्हती. एक माळवद होतं आणि ही बाई होती.

सुबाक्का म्हणजे रेवणसिद्धांची थोरली बहीण. लग्न होऊन ती या घरात आली, आणि रेवणसिद्धांना पहिली नोकरी लागली त्या उन्हाळ्यात ते तिच्याकडे येऊन म्हणाले, आक्का, गारा पडल्या की मला कळव; किती पडल्या, केवढ्या पडल्या. "मला कुठं मोजायला येतंय?" सुबाक्कानं हसून मला सांगितलं. मग तिनं कमरेच्या पिशवीतून एक दोरा काढला. त्यात तीन वस्तू ओवलेल्या होत्या: एक जोडवं, बाळाच्या पायातलं एक वाळं आणि एक पितळी बांगडी. "ह्याच्यातून जाती का, त्याच्यातून जाती का, ते बघायचं. मास्तरकडून लिवून घ्यायचं. रेवण्यानं एकदा लोखंडाच्या कड्या आणून दिल्या. गंजल्या. हे बरं हाय."

माझ्या वहीतले ते तीन आडनिडे व्यास मी उघडून बघितले. पिशवीतली मोजपट्टी काढली आणि जोडव्याला लावली. जुळलं. वाळं जुळलं. बांगडी जुळली.

तिनं मला बरंच काही सांगितलं. गार विरघळू नये म्हणून मडक्यात साळीच्या भुशात पुरून ठेवायची. भाऊ मार्च-एप्रिलमध्ये रजा काढून यायचा, कधी पंधरा दिवस वाट बघून रिकाम्या हातानं जायचा. गार मिळाली तर तिचा पातळ काप काढून दोन काळसर काचांमध्ये धरून उन्हाकडे बघायचा. "मला बी दावायचा. रंगीबिरंगी दिसायचं गं, पैठणीच्या पदरावानी." भाकरी, पुंडीची भाजी, लसणाची चटणी असं जेवण झालं. पुंडी म्हणजे आपली अंबाडी, पण इथं ती तुरीच्या डाळीत घोटतात आणि ती अशी आंबट लागते की भाकरी कधी संपली ते कळत नाही. जेवताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता, आणि हात धुतल्यावर मी तो बोलून टाकला.

"आक्का, त्या गारपिटीत रेवणसिद्ध सर एकटे नव्हते ना?"

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि मान खाली घातली. पांढऱ्या केसांत, टाळूच्या थोडं मागं, बोटभर लांब जागा बोडकी होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. घोंगडीवर रक्त होतं."

तिनं पदर पुन्हा घेतला आणि भिंतीला टेकून सांगायला लागली.

"मी तेरा वर्सांची, तो अकराचा. बा म्हणला, आभाळ बरं न्हाई, कळप देवळाकडं कपारीत ठिवा. त्या दिवशी पल्याडच्या गावात जत्रा व्हती. माळावर चढलं की जत्रंतला पाळणा दिसतोय. फिरायला की न्हाई, तेवढं बघायचं व्हतं मला. मी म्हणले, चल. तो न्हाई म्हणायला. मीच कळप हाकले. माळावर गेलो, पाळणा दिसला बी. लाकडाचा, बसायला चार खोपे. आन् मग गारा. झाड न्हाई, काय न्हाई. दोघं एका घोंगडीखाली बसलो. मेंढरं अशी वरडायली... ते न्हाई सांगत. माझ्या डोक्यात एक बसली. रेवण्यानं तिथलीच गार उचलून जखमेला दाबून धरली, रगत थांबायला. मी उताणी पडलेली, आन् वर त्याच्या हातात ती गार विरघळायली. उन्हं आली तसं मला आत गोल गोल दिसलं. मी म्हणले, रेवण्या, ह्याच्यात कांदा हाय."

"सुरी नव्हतीच?"

"सुरी कुठली गं? मेंढरं राखायला काठी नेतेत."

"मग?"

"घरला गेलो. बा म्हणला, कळप माळावर कुणी नेला? मी तोंड उघडायच्या आधी तो म्हणला, मी. त्यानं मार खाल्ला. मामानं नेलं त्याला. मी गप बसले. रगत जायलेलं, भ्याले व्हते. मग बा खंगला, मग मेला. मी रेवण्याला म्हणले, आता सिद्दूला खरं सांगते. तो म्हणला, आक्का, त्याला मी वाईट वाटतोय तर वाटू दे. माझ्याजवळ शाळा हाय. तुझ्याजवळ म्हायेर तेवढं एकच हाय."

बाहेर कोणीतरी शेळ्या हाकत गेलं. मला हुलसूरचा ओटा आणि थांबलेली सुतळी दिसत होती.

"दरवर्सी पंचमीला सिद्दू स्वतः येतोय मला न्यायला. ह्या वयात बी," ती म्हणाली. "खरं सांगितलं तर कोण येईल?"

मी वही काढली आणि तिला निबंधाची छायाप्रत दाखवली. "आक्का, हे बघा. त्यांनी प्रत्येक निबंधात तुमचं नाव लिहिलंय. एस. एल. सुभद्रा लवटे."

तिनं त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. "हे?"

"हो."

"येवढंच? दोनच?" ती चक्क रागावली. "चाळीस वर्सं माळवदावर चढले-उतरले, गुडघे गेले, आन् दोन अक्षरं?" मग बोट तसंच ठेवून: "लवटे लावलंय? सासरचं न्हाई?"

"लवटेच."

ती एकदम हसली. एकच दात होता पुढं. मग उठली, पेटीतून दुसरं लुगडं काढलं आणि सुनेला हाक मारून कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. मला फक्त 'हुलसूर' कळलं.

"पुस्तकात पुरं नाव लिव," ती मला म्हणाली. "आन् पुरं नाव लिवायचं तर पुरं खरं लिवाय लागतंय. पुस्तक वाचून सिद्दूला कळायच्या आधी मी सांगते. पंचमीचं काय व्हायचं ते होऊ दे."

पुन्हा हुलसूर

जीप उमरग्यावरून नेली. त्यामुळे पाट्यांवरची अक्षरं एकदा मराठी झाली आणि बसवकल्याणकडे वळल्यावर पुन्हा कन्नड. सुबाक्काला ती दोन्हीही सारखीच. ती सगळी वाट खिडकीतून ढग शोधत होती आणि मध्येच मला सांगत होती, अमक्या शिवारात अमक्या साली पडली होती, तमक्यात कधीच पडत नाही. एकदा मी विचारलं, "भीती वाटतेय का?" ती म्हणाली, "गप बस गं."

सिद्दप्पा ओट्यावरच होते. बहिणीला अवेळी बघून घाईघाईनं उठले, मला बघून कपाळाला आठी घातली.

"आक्का, ही बाई कामून संगं?"

"बस सिद्दू. पाणी नको आधी. ऐक."

तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. मला सांगितलं त्याच्या निम्म्या शब्दांत. जत्रा, पाळणा, मीच नेला कळप, तो न्हाई म्हणत होता. महादेवी दारात भांडं घेऊन थिजली. सिद्दप्पांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त ओट्याच्या कडेवर दाबलेले हात दिसत होते.

"सत्तर वर्सं," ते म्हणाले. "सत्तर वर्सं गप बसलीस आन् तो मेल्यावर सांगायलीस?"

"व्हय."

ते उठून मागच्या गोठ्याकडे गेले. आम्ही बसून राहिलो. महादेवीनं चहा केला, कोणी घेतला नाही. सुबाक्का पायरीवर बसली, आत गेली नाही. तिनं पिशवी मांडीवरच ठेवली होती, कुठल्याही क्षणी परत निघायचं असल्यासारखी. सावली ओट्यावरून उतरून अंगणात आली तरी ते परत येईनात. जीपवाला दोनदा डोकावून गेला.

शेवटी ते आले आणि बहिणीच्या शेजारी, त्याच पायरीवर बसले.

"लई रगत गेलतं का गं?"

"न्हाई. थोडंच."

"दाव."

तिनं पदर सारला. त्यांनी त्या बोडक्या जागेवर बोट फिरवलं आणि हात काढून घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्यानं शोधलं तरी काय? मला कोण सांगायला आलं की मी उठून जायलो. आज सांगा."

तीस वर्षांत माझ्यापुढं इतका अवघड वर्ग बसला नव्हता. मी महादेवीकडून कांदा आणि विळी मागून घेतली. कांदा आडवा चिरला आणि पायरीवर ठेवला. ढगात वारा खालून वर कसा जोरात जातो, तो गारेला कसा तोलून धरतो, पाण्याचे गारढोण थेंब तिच्यावर येऊन कसे गोठतात ते सांगितलं. पाणी भरपूर असलं तर गोठायला वेळ लागतो, आतली हवा निसटते आणि थर काचेसारखा होतो. पाणी कमी आणि थंडी फार असली तर झटकन गोठतं, हवा आत अडकते आणि थर दुधासारखा पांढरा होतो. पूर्वी लोक म्हणत, जितके थर तितक्या वेळा गार वर-खाली गेली. तुमच्या भावानं आक्कांनी जपलेल्या गारा कापून कापून दाखवलं, की तसंच असतं असं नाही. ढगाच्या वेगवेगळ्या भागांतून एकदाच जातानाही गारेवर अनेक थर चढतात.

सिद्दप्पा कांद्याकडे बघत ऐकत होते. मधूनच म्हणाले, "देवळाकडं त्या दिवशी एक बी गार पडली न्हाई. बा कायम म्हणायचा. माळावर तेवढी पडली. ते कामून?"

"गारा ढगाच्या एका अरुंद भागातून पडतात. ढग चालत असतो, त्यामुळे जमिनीवर पट्टा उमटतो. पट्ट्यात सापडलं ते गेलं, बाहेरचं वाचलं."

"आन् पट्टा कुठं पडणार, ते त्याला कळत व्हतं? येवढा शिकल्यावर?"

"नाही अण्णा. शेवटच्या निबंधात त्यांनी तेच लिहिलंय. आभाळाकडं बघून नेमकं शिवार सांगता येत नाही. अजून कुणालाच येत नाही."

त्यांनी चिरलेल्या कांद्याची एक चकती उचलली, तिचे गोल एकेक सुटे केले आणि पायरीवर ओळीनं मांडले. बराच वेळ लागला त्यांना. मग म्हणाले, "येवढ्या शिकल्याल्या माणसाला कळंना, तर अकरा वर्साच्या पोराला काय कळणार व्हतं? आन् हिला तरी?"

सुबाक्का तेव्हा कुठं रडली. त्यांनी तिची पिशवी मांडीवरून उचलून महादेवीच्या हातात दिली आणि जीपवाल्याला हातानंच जा म्हणून खूण केली.

मी वही मिटत होते. "थांबा बाई," ते म्हणाले. "मिटू नका. हे सगळं लिवणार हाव ना? आक्काचं नाव, जत्रा, सगळं?"

"त्यांनी सांगितलंय लिहायला."

"मग माझं बी लिव्हा. तो एकदा आलता हितं. मोठा झाल्यावर, कोट घालून. ह्याच दारात उभा राहिला. पोरांसाठी खाऊ आणलता. मी आतल्या खोलीत बसलो आन् बायकोला म्हणलो, घरी न्हाईत म्हणून सांग. तो लई येळ उभा होता. मग गेला. परत आला न्हाई."

मी तिथंच पायरीवर बसून लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचायला लावलं. मी वाचलं: "मोठे झाल्यावर ते एकदा धाकट्या भावाला भेटायला हुलसूरला गेले. पण भाऊ घरी नव्हता, म्हणून त्यांना परत फिरावं लागलं." म्हाताऱ्या माणसाला मुलांपुढं उघडं कशाला पाडायचं, असं वाटून मी तेवढं मऊ केलं होतं.

सिद्दप्पांनी मान हलवली.

"खोडा ते," ते म्हणाले. "भाऊ घरीच होता, असं लिव्हा."